पाइनवुड म्हणे सगळीकडून आकसतं!

आमच्या बडोद्यातल्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. लागवडीच्या पाइनमध्ये नुसतं पाणी भरलेलं असतं म्हणून ते वाळताना सगळीकडून सारखं आकसतं, तेव्हा एचटी शिक्क्याचं (माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर असतो तो) घ्या, ते वाळवलेलं असतं, नाहीतर अगाशीवर आठ दिवस कडक ऊन दाखवा, मग जन्मात हलत नाही. काकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी पुढे ढकललाय.

पाणी भरपूर असतं हे खरंय. ताज्या रेडिएटा पाइनच्या (न्यूझीलंडमधल्या लागवडीचा पाइन तो हाच) बाहेरच्या भागात तर सुक्या लाकडाच्या वजनापेक्षाही जास्त. पण त्यातलं बरंचसं पेशींच्या पोकळीत मोकळं असतं, ते उडून गेलं तरी फळी जवळपास तेवढीच राहते. ओलावा (सुक्या लाकडाच्या वजनाच्या) २८-३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू. म्हणजे सुरुवातीला १५० टक्के ओलं होतं का ६० टक्के, त्याने काही फरक पडत नाही.

"सगळीकडून सारखं" म्हटलं तर कुठलाही मिस्त्री हसेल. झाडाच्या वाढीच्या वलयांच्या दिशेने १०० मिमी रुंदीला ४-५ मिमी जातात (१२ टक्क्यांपर्यंत वाळवलं तर), गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मे, लांबीत जवळजवळ काहीच नाही. फळी पन्हळीसारखी वळते ती याच्यामुळेच.

आता लागवडीला नावं ठेवायचीच असतील तर पाण्याला नको, गाभ्याला ठेवा. न्यूझीलंडमध्ये ही झाडं २५-३० वर्षांत तोडतात, त्यामुळे मधल्या पहिल्या दहाएक वलयांचं लाकूड फळ्यांत बरंच येतं, आणि त्याचे तंतू तिरके असल्यामुळे ते लांबीतही आकसतं. फळीची एक कड गाभ्याची आणि दुसरी बाहेरची असली की ती धनुष्यासारखी वाकते, वर पीळ पडतो तो वेगळाच. वखारीत फळीचं टोक बघा, मधला ठिपका दिसला तर ती बाजूला ठेवा.

एचटीला मी स्वतः फसलोय. मकरपुऱ्याकडून पॅलेटच्या फळ्या आणल्या, शिक्का बघून खूश, भर पावसाळ्यात बुकशेल्फ चिकटवलं आणि एप्रिलमध्ये सांध्यात रुपयाचं नाणं जाईल एवढी फट! एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं, किडे मरावेत म्हणून. ओलाव्याबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. भट्टीत वाळवलेल्याला केडी लिहितात, आणि तरी मॉइश्चर मीटर लावून बघावं.

अगाशीचं ऊन नकोच. वरचा थर पटकन वाळून आकसायला बघतो, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, मग चिरा. सावलीत, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या देऊन, हवा खेळती ठेवून रचा.

आणि "जन्मात हलत नाही"? भट्टीतलं पाइनसुद्धा श्रावणात फुगतं, वैशाखात आकसतं. ओलावा ५ टक्के बदलला तर टेबलाचा ३०० मिमी रुंद टॉप ३-४ मिमी हलतो, म्हणून खालून स्क्रूला लांबट भोकं ठेवतात. सागवानही हलतं, फक्त कमी. माझ्या शेल्फच्या फटीत मी मुद्दाम काही भरलेलं नाही, पावसाळ्यात ती आपोआप बुजते, पुट्टी भरली असती तर फुगताना दुसरीकडे कुठेतरी फुटलं असतं.