‘नुसतं वाचून कोणी मुसलमान होतं का?’ : एका कमेंटला उत्तर

‘खरंबोलणारा’ यांस (नाव तुम्हीच घेतलंय, म्हणून त्याच नावानं हाक मारते),

तुमची कमेंट आली त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, पण ते जरा जास्तच झालं म्हणून टाकलं नाही. आता डोकं शांत आहे. म्हणजे बऱ्यापैकी.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुरआन वाचता वाचता मी इस्लामपर्यंत कशी आले ते मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यात मुहम्मद असद (ज्यू घरात जन्मलेले, पुढे मुसलमान झालेले पत्रकार) यांचं उदाहरण दिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं, की विनोबांनी कुराण माझ्यापेक्षा जास्त वाचलं होतं तरी ते मुसलमान झाले नाहीत, की असद आधी बरीच वर्षं अरबांच्यात हिंडला होता त्यामुळे ते उदाहरण लागू नाही, की बायकांबद्दलच्या आणि वारसाहक्काच्या आयतींवर (म्हणजे कुरआनातल्या वचनांवर) मी सोयीस्कर गप्प आहे, की पोस्टमध्ये अरबी शब्दांचा मारा आहे, आणि शेवटी हे वाक्य जसंच्या तसं: ‘ताई, राग मानू नका, पण नुसतं वाचून कोणी मुसलमान होत नाही, मागे कोणीतरी असतंच, खरं काय ते सांगून टाका.’

अरबी शब्द जास्त झाले हे मान्य. पुढच्या वेळी कमी करीन, एवढं प्रामाणिकपणे कबूल करते.

आता ते शेवटचं वाक्य. राग मानू नका असं आधी म्हणायचं आणि मग बाईमाणसाला विचारायचं की मागे कोण आहे, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. ताई म्हटलं की सगळं माफ असतं वाटतं. मला एक सांगा, हीच पोस्ट एखाद्या निवृत्त प्रोफेसरांनी लिहिली असती तर ‘सर, मागे कोण आहे’ असं विचारलं असतंत का? त्यांना तुम्ही संदर्भ मागितले असते. मला माणूस मागताय.

तर सांगते, माझी पन्नाशी उलटलीय, लग्न केलं नाही, करायचंही नाही, आणि हे मला एका अनोळखी माणसाला ब्लॉगवर सांगावं लागतंय याचं तुम्हाला काही वाटत असेल तर वाटू द्या. माझ्यामागे होता तो पानाला ठरलेला दर. मी प्रूफरीडर आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरणाऱ्या निम्म्या पुस्तकांच्या काना-मात्रा मी बघितल्या असतील. एका छोट्या प्रकाशकाकडून कुरआनच्या मराठी अनुवादाची प्रूफं आली, तीसुद्धा आधीच्या बाई बाळंतपणाला गेल्या म्हणून. मला काय, पाककृती असो की स्पर्धा परीक्षेचं गाइड, लाल पेन घेऊन बसायचं. पहिल्या वाचनात तर मी वैतागले होते, कारण त्यात गोष्ट सरळ जात नाही, मूसाची (म्हणजे मोझेसची) कथा इथे थोडी तिथे थोडी, सूरह (म्हणजे अध्याय) काळाच्या क्रमानं नाहीत, साधारण मोठ्या आधी आणि छोट्या शेवटी, म्हणजे जे आधी उतरलं त्यातलं बरंचसं शेवटच्या पानांवर. हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही आणि मला सांगायला, तुमच्या दुर्दैवानं, कोणी नव्हतं.

शेवटाकडे ८० वी सूरह आली. तिथे सुरुवातीलाच अशा अर्थाचं आहे, की त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड फिरवलं, कारण आंधळा माणूस त्याच्याकडे आला. खाली टीप, की हा ‘तो’ म्हणजे स्वतः प्रेषित. मी समासात प्रश्नचिन्ह काढून लिहिलं, ‘टीप चुकीच्या जागी पडली आहे का?’ मला वाटलं डीटीपीवाल्यानं घोळ घातला. प्रूफ परत आलं त्यावर एवढंच, ‘टीप बरोबर आहे.’ मग शोधून वाचलं. मक्केत प्रेषित कुरैश या तिथल्या टोळीच्या बड्या लोकांना समजावत बसलेले, त्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम नावाचा आंधळा माणूस येऊन मधेच काहीतरी विचारतो, यांच्या कपाळावर आठी येते. आंधळ्याला ती दिसलीही नसणार! तरी त्याबद्दल आयती उतरल्या, की जो बेपर्वा आहे त्याच्याकडे तू लक्ष देतोस आणि जो धावत आलाय त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस. पुढे याच माणसाला मदिनेत बिलालच्या (प्रेषितांच्या काळात अजान देणाऱ्याच्या) बरोबरीनं अजान द्यायचं काम मिळालं.

तुम्हाला यात काही वाटणार नाही कदाचित. माझा धंदा वेगळा आहे. मी आयुष्यभर लेखकांची प्रूफं बघितलीत, आत्मचरित्रंसुद्धा, आणि शेवटच्या प्रूफात लेखक काय काढायला सांगतात ते मला पाठ आहे. जिथे तो स्वतः कमी दिसतो तेच वाक्य जातं. पुतण्या, जावई, सून, सगळे त्यासाठी फोन करतात. इथे ज्याच्या तोंडून ते पुस्तक लोकांपर्यंत आलं त्यालाच बोल लावलेत, आणि ते वाक्य काढलेलं नाही, चौदाशे वर्षं नमाजात मोठ्यानं म्हटलं जातंय. ते काम संपलं, बिल मिळालं (उशिरा, नेहमीप्रमाणे), आणि मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं, यावेळी पेन बाजूला ठेवून. हा झाला तुमचा ‘मागचा माणूस’. आंधळा होता.

आणि गंमत सांगू? हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. बऱ्याच काळानं मी मशिदीत गेले, म्हटलं कलमा पढायचाय, म्हणजे इस्लाम स्वीकारायचाय, तर तिथल्या मौलानांनी आधी विचारलं, ‘किसी से निकाह तय हुआ है क्या?’ मी नाही म्हटलं. ‘घर में कोई झगडा?’ नाही. ‘तो फिर?’ मी म्हटलं वाचलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मीटर रीडिंग घ्यायला आलेय, आणि म्हणाले, आणखी विचार करा, घाई नको, घरच्यांशी बोला, मग या. तुमची आणि त्यांची एकदा गाठ घालून दिली पाहिजे, चांगलं जमेल.

नुसतं वाचून कोणी बदलत नाही म्हणता, तेही मराठीत म्हणता, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला, त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे घरात काय झालं ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय, शाळेत धडा होता आपल्याला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि धम्म घेतला १९५६ साली नागपुरात. मधली एकवीस वर्षं ते काय करत होते? वाचत होते. (हो, त्यांनी इस्लाम निवडला नाही हे मला माहिती आहे, लगेच स्क्रीनशॉट पाठवू नका.) त्यांना कोणी विचारत नाही की मागे कोण होतं. म्हणजे विचारतात काही लोक, पण त्या लोकांच्यात बसायचं का ते तुम्ही ठरवा.

असदबद्दल. जन्म १९०० चा, लेम्बर्गचा (आता युक्रेनमधलं ल्विव्ह), नाव लिओपोल्ड वाइस, आजोबा रब्बी, लहानपणीच हिब्रू पक्कं. जर्मन वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून अरब मुलखात, इराण-अफगाणिस्तानात हिंडला, बरोबर. पण तुम्ही जे लिहिलंय की ‘सौदीच्या राजाचा दोस्त होता म्हणून मुसलमान झाला’, ते साफ उलटं आहे. १९२६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या मेट्रोत त्याला समोरची खातीपिती, चांगल्या कपड्यातली माणसं बघून वाटलं की यातलं एकही सुखी दिसत नाही, घरी आला तर टेबलावर कुरआन उघडा पडलेला, त्यावर १०२ वी सूरह, आठ छोट्या आयती, जास्त-जास्तचा हव्यास तुम्हाला कबरीपर्यंत भुलवत नेतो म्हणणारी. त्यानंतर तो मुसलमान झाला. हजला गेला १९२७ मध्ये, आणि इब्न सौदशी दोस्ती त्यानंतरची. तारखा बघून लिहीत जा हो, मला धंद्याची सवय आहे, चुकीचं साल दिसलं की हात शिवशिवतो. आणि अरबांच्यात राहून माणूस मुसलमान होत असता तर दुबईत राहिलेले आपले अर्धे कोकणातले लोक झाले असते.

विनोबांचं म्हणाल तर त्यांच्यापुढे मी कोण? त्यांनी अरबी शिकून कुरआन वाचला, कुराण-सार काढलं, तसंच ख्रिस्तधर्म-सारही काढलं, सगळ्यात त्यांना एकच दिसलं. मला तसं दिसलं नाही, माझी कुवत तेवढी. पण त्यांच्यासारखं सगळं एकच आहे असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर मी कुठल्या दारानं आत गेले याचा तुम्हाला एवढा त्रास का होतोय? त्यांचं नाव घेऊन मला हाणायचं आणि त्यांचं ऐकायचं मात्र नाही, हे चालणार नाही.

बायकांच्या आयतींबद्दल, चौथ्या सूरहमधल्या ३४ व्या आयतीबद्दल आणि मुलीच्या निम्म्या वाट्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिण्यासारखं नाही. मी वाचलंय, मला प्रश्न पडलेत, काहींची उत्तरं मिळालीत. पण ज्या माणसानं मला आधी ‘ब्रेनवॉश्ड’ म्हणून घेतलंय त्याला ती द्यायला मी बांधील नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आयतींची यादी तुम्ही तशीच चिकटवलीय, आकड्यांसकट. त्यातले दोन आकडे चुकलेत, कुठले ते तुम्हीच शोधा, त्या निमित्तानं वाचन होईल.

‘आईबापांच्या संस्कारांना लाथ मारली’ हे वाक्य मी एरवी सोडून दिलं असतं. माझे वडील माळकरी होते. आळंदीची वारी त्यांनी गुडघे धरेपर्यंत केली. ज्ञानेश्वरी लावायची तर आधी हात धुऊन बसायचं, ओवी कळली नाही तर पुढे जायचं नाही, हे मला त्यांनी शिकवलं, आणि तसाच मी कुरआन वाचला. मी सांगितलं तेव्हा ते महिनोन्‌महिने बोलले नाहीत, मग एक दिवस म्हणाले, ‘शेख महंमद वाचलास का श्रीगोंद्याचा?’ (मराठीतला मुसलमान संतकवी.) एवढंच. पटलं त्यांना असं मी म्हणणार नाही, नाही पटलं. भावानं तर बोलणं टाकलंय ते टाकलंयच. पण आई रमजानात पहाटे मला सहरीला (रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याला) उठवायला मिस्ड कॉल देते, आणि आषाढीला मी गेले की साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढे ठेवते, मी ती खाते. यात तुम्हाला लाथ कुठे दिसली?

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, फक्त आईबद्दलची ओळ काढलीय आणि ती काढलेलीच राहील. तुमचे ते दुसऱ्या नावानं टाकलेले तीन ‘सहमत’ पण राहू दिलेत, शुद्धलेखनाच्या चुका त्याच आहेत म्हणून ओळखले. वारसाहक्कावर लिहायचंय, पण सध्या टेबलावर दोन दिवाळी अंकांची प्रूफं पडलीयत आणि संपादकांचे रोज फोन चालू आहेत, त्यामुळे आता दिवाळीनंतर.