खवले मांजराच्या खवल्यांत औषध नाही

‘खवले मांजराच्या खवल्यांची पूड घेतली की सांधेदुखी जाते, खवला तिजोरीत ठेवला की पैसा टिकतो’ हा कोकणात फिरणारा मेसेज साफ खोटा आहे. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे. त्यांत कसलाही औषधी गुण सिद्ध झालेला नाही.

दात नसलेला हा प्राणी रात्री नख्यांनी वारूळ फोडतो, चिकट जिभेने वाळवी टिपतो. धोका दिसला की अंगाचे घट्ट वेटोळे करतो. बिबट्यालाही ते उलगडणे जड जाते. माणूस मात्र तेच पोत्यात घालून नेतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते, त्यामुळे एकेक शिकार महागात पडते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, खवले मांजर आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद. खवले मांजर दिसले तर १९२६ या फोन क्रमांकावर वनविभागाला कळवा. मेसेज पुढे पाठवू नका.