'सेलरच्या भल्यासाठीच सक्ती' म्हणे! त्या फॉरवर्डचा मुद्देसूद हिशोब

नाशिकमधल्या ऑनलाइन विकणाऱ्यांच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर, म्हणजे तांब्यापितळेची भांडीवाले, पिंपळगावकडचे मनुकेवाले, येवल्याचे पैठणीवाले, सगळीकडे सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. विषय असा की एका मार्केटप्लेसने, म्हणजे अनेक सेलरचा माल एकत्र विकणाऱ्या साइटने, सेलर लोकांना कळवलंय की यापुढे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे फक्त त्यांच्याच ग्रुप कंपनीच्या पेमेंट सर्व्हिसमधून घ्यायचे. स्वतःचा क्यूआर, स्वतःचा गेटवे (म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सर्व्हिस), थेट बँकेत ट्रान्सफर, सगळं बंद. आणि त्यावर कुणीतरी सहा मुद्दे लिहून ही सक्ती कशी आपल्याच भल्याची आहे हे समजावलंय. थोडक्यात मुद्दे असे: याने फसवणूक थांबते, दोन टक्के चार्ज म्हणजे काहीच नाही, पैसे जास्त सेफ आणि वेळेवर मिळतात, जगभर असंच चालतं आणि ते कायदेशीर आहे, विरोध करणारे टॅक्स चुकवणारे आहेत, आणि पटत नसेल तर सोडून जा.

लोक अंगठे दाखवतायत, नमस्कार करतायत, दहा जण 'एकदम बरोबर' म्हणतायत. मला नाही पटलं, आणि एका ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

फसवणुकीपासून सुरू करू, कारण यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. खोटे यूपीआय स्क्रीनशॉट दाखवून माल उचलणारे लोक आहेत, पैसे घेऊन रिकामा खोका पाठवणारे सेलर पण आहेत, आणि कुठल्यातरी तिसऱ्याच फ्रॉडचा पैसा आपल्या खात्यात आला म्हणून सायबरवाल्यांच्या सांगण्यावरून बँकेने खातं गोठवल्याचे प्रकारही आपण ऐकतो. मधे कुणीतरी पैसे धरून ठेवणारा असला तर यातलं बरंच टळतं, मान्य. पण यातून एवढंच निघतं की अशी सर्व्हिस *असावी*. ती *एकच* असावी, आणि ती मार्केटप्लेसच्याच घरातली असावी, हे यातून कुठे निघतं? सुरक्षित पेमेंट देणारे, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेले कितीतरी गेटवे देशात आहेत. त्यातले चार चालवा, गिऱ्हाइकाला दाखवा की हे सुरक्षित आणि हे तुमच्या जबाबदारीवर, मग बघा लोक काय निवडतात. माल इतकाच चांगला असेल तर बाकीची दुकानं बंद कशाला करावी लागतात भो?

आणि इथेच 'जगभर असंच चालतं' हा चौथा मुद्दा पण घेऊन टाकतो, कारण जगात नेमकं काय झालं ते बघितलं की पहिला मुद्दाही सोबतच पडतो.

२००८ च्या एप्रिलमध्ये ईबे या मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसने ऑस्ट्रेलियात जाहीर केलं की जूनपासून सेलरने पैसे घ्यायचे तर पेपाल या पेमेंट सर्व्हिसमधून, नाहीतर वस्तू प्रत्यक्ष हातात देताना रोख, बाकी काही चालणार नाही. तिकडे लोक सर्रास थेट बँक खात्यात पैसे भरायचे, ज्यात सेलरला जवळपास काही खर्च नव्हता, ते बंद होणार होतं. कारण काय सांगितलं? सुरक्षा. अगदी आपल्या फॉरवर्डसारखंच. फक्त पेपाल ही तेव्हा ईबेच्याच मालकीची कंपनी होती, २००२ मध्ये दीड अब्ज डॉलरला विकत घेतलेली. सेलर लोकांनी गप्प बसायचं सोडून तिथल्या स्पर्धा आयोगाकडे शेकड्यांनी हरकती पाठवल्या, आयोगाने जूनमध्ये मसुदा निर्णय काढला की यातून लोकांना होणारा फायदा स्पर्धेच्या नुकसानापेक्षा जास्त आहे असं काही दिसत नाही, आणि जुलैमध्ये ईबेने 'फक्त पेपाल' ही योजनाच मागे घेतली. पेपालचा पर्याय ठेवायलाच हवा ही अट मात्र राहिली. हा फरक नीट लक्षात घ्या, 'हेही ठेवा' आणि 'हेच ठेवा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला फॉरवर्डवाला त्या दोन्ही एकाच पिशवीत घालतो.

त्याच्याही आधी, २००६ मध्ये गुगलने 'चेकआउट' नावाची स्वतःची पेमेंट सर्व्हिस आणली तेव्हा ईबेने तिला परवानगी नसलेल्या सर्व्हिसच्या यादीत टाकलं होतं. गुगलकडे पेमेंट सुरक्षित करायची अक्कल नव्हती असं कुणी म्हणेल का? आणि पुढची गंमत ऐका. २०१५ मध्ये पेपाल ईबेपासून वेगळी झाली, आणि २०१८ च्या जानेवारीत ईबेने सांगितलं की आता मुख्य पेमेंटचं काम अ‍ॅडियन नावाच्या डच कंपनीकडे जाईल. गिऱ्हाइकाला पेपालचं बटण दिसत राहिलं, पण पैसा फिरवणारा मुख्य गडी बदलला. म्हणजे जोपर्यंत ती घरची होती तोपर्यंत तिच्याशिवाय सुरक्षा नव्हती, घर वेगळं झालं आणि दुसऱ्याकडेही सुरक्षा सापडली.

आता 'कायदेशीर आहे' बद्दल. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ ला गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड लावला तो नेमका याच प्रकारासाठी, प्ले स्टोअरवर अ‍ॅप विकायचं तर गुगलचीच बिलिंग सिस्टिम वापरा ही सक्ती. पुढे अपिलात मार्च २०२५ मध्ये दंडाची रक्कम २१६.६९ कोटींवर आली, म्हणजे कमी झाली पण शून्य नाही झाली. त्या प्रकरणातून अजून एक शिकण्यासारखं आहे. दुसरी बिलिंग वापरायची मुभा गुगलने दिली, पण स्वतःच्या फीमधून फक्त ४ टक्के कमी केले, म्हणजे ज्याला १५ पडत होते त्याला ११, शिवाय दुसऱ्या गेटवेचे पैसे वेगळे. हिशोब केला तर बऱ्याच जणांना तेवढंच पडतं किंवा जास्त. तेव्हा उद्या आपल्या मार्केटप्लेसने 'बरं बाबा, वापरा दुसरं' म्हटलं तरी लगेच पेढे वाटू नका, दर बघा. आणि हो, प्रत्येक सक्ती आपोआप बेकायदा ठरते असं पण मी म्हणत नाहीये, स्पर्धा कायद्यात बाजारात त्या कंपनीचा किती जोर आहे हे आधी बघतात, छोटी कंपनी असेल तर प्रकरण वेगळं. पण 'जगभर मान्य आहे' हे सरळसरळ खोटं आहे.

अजून एक. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या नियमात मार्केटप्लेसना सांगितलं की पेमेंट गोळा करायचा धंदा आणि मार्केटप्लेसचा धंदा वेगळा करा. म्हणून तर ती 'ग्रुप कंपनी' वेगळ्या नावाने उभी आहे. कागदावर दोन केल्या आणि सेलर अ‍ॅग्रीमेंटमध्ये सक्ती घालून परत एक केल्या, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. एखाद्या बाजार समितीने उद्या फतवा काढला की कांद्याचे पैसे फक्त अमुक पतसंस्थेतूनच मिळतील आणि ती पतसंस्था संचालकांच्याच घरची निघाली, तर निफाड तालुक्यातला एक तरी शेतकरी 'वा, माझ्या सुरक्षेसाठीच केलं हो' म्हणेल का?

दोन टक्क्यांचं बोलू. दोन टक्के म्हणजे दोन नाही, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. पाच हजारांच्या पितळी समईवर ११८ रुपये. जीएसटीचं क्रेडिट घेणाऱ्याला १८ रुपये परत मिळतील, शंभर गेलेच. आता ज्याने कधी समई पॅक करून कुरिअरला दिलीय त्याला विचारा, वजनावर कुरिअर, बबल रॅप, मार्केटप्लेसचं कमिशन, रिटर्न आलेला माल चेपलेला, हे सगळं जाऊन हातात समजा चारशे उरले तर त्यातले शंभर म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. टक्का विक्रीवर लावायचा आणि 'काहीच नाही' असं म्हणायचं, ही जुनी हातचलाखी आहे, कारण आपण घर विक्रीवर चालवत नाही, उरलेल्यावर चालवतो. त्यात बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पैसे घेण्यासाठी दुकानदाराकडून कापला जाणारा चार्ज, शून्य आहे. डेबिट कार्डावर छोट्या व्यापाऱ्याला, म्हणजे वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल त्याला, जास्तीत जास्त ०.४० टक्क्याची मर्यादा आहे. मग गिऱ्हाइकाने यूपीआयने भरले, कार्डाने भरले, काहीही केलं तरी सरसकट दोन टक्के कशाचे? ते म्हणतील ही प्लॅटफॉर्मची सेवा फी आहे, एमडीआर नाही. असू शकते, सेवा दिली तर फी घ्यावी. पण मग सेवा नको म्हणायची सोय पण पाहिजे ना, नाहीतर ती फी कसली, तो टोल झाला.

पैसे वेळेवर आणि सेफ, हा मुद्दा वाचून तर मला खरंच हसू आलं. स्वतःच्या क्यूआरवर पैसे त्याच मिनिटाला येतात. मधल्या सर्व्हिसमध्ये ते एस्क्रो खात्यात, म्हणजे मधल्याने पैसे धरून ठेवायच्या वेगळ्या बँक खात्यात, बसतात, आणि त्याच २०२० च्या नियमात अशी सोय होती की अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल तर रिटर्नची मुदत संपेपर्यंत पैसे धरून ठेवता येतात आणि ती संपल्यावर एका दिवसात सेलरला द्यायचे. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर हे योग्यही आहे. पण दिवाळीआधी सगळा माल निघतो, तांबट लेनमधल्या कारागिराला आठवड्याचे पैसे आठवड्याला लागतात, येवल्यात विणकराला रेशीम आणि जरीसाठी आधी उचल द्यावी लागते, आणि आपले पैसे मात्र पॅनलवर 'प्रोसेसिंग'. गेल्या सीझनला माझं एक पेआउट असंच 'रिव्ह्यू'मध्ये अडकलं, कारण काय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, चॅटवर एकच छापील उत्तर येत राहिलं, आणि मी तोपर्यंत उसनवारी करून माल उचलला. वाद झाला तर निकाल देणारा पण तोच, पैसे धरून बसलेला पण तोच.

आणि सेफ म्हणाल तर सगळी अंडी एका टोपलीत नको म्हणणारे आपण, पेमेंटच्या बाबतीत हे कसं विसरतो? ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे, ज्याचं सगळं काम त्या एका बँकेवर चालायचं, ते रातोरात बंद पडलं. मोठी कंपनी, तरी जवळपास दिवसभर ठप्प. ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएम पेमेंट्स बँकेवर आदेश आला आणि १५ मार्चपर्यंत देशभरातल्या दुकानदारांना खाती हलवायची पळापळ करावी लागली, आपल्या नाशिकच्या मेन रोडला, शालिमारला, सगळीकडे तोच विषय होता. पेपालने फेब्रुवारी २०१० मध्ये भारतात बँकेत पैसे काढणं काही आठवडे थांबवलं होतं, तेव्हा बाहेरदेशी माल पाठवणारे आणि फ्रीलान्सवाले लटकले, आणि १ एप्रिल २०२१ पासून तर त्यांनी देशांतर्गत पेमेंट बंदच केलं. यात कुणाची बदनामी करायची नाहीये, नियामकाने नियम लावले, कंपन्यांनी आपले निर्णय घेतले, चालायचंच. मुद्दा असा की ज्याच्याकडे दुसरा गेटवे चालू होता त्याचा धंदा त्या दिवशीही चालला. सक्ती म्हणजे हा दुसरा रस्ता आपणच खणून ठेवायचा.

आता टॅक्सचा आरोप. हा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर झालाय आणि सगळ्यात कच्चा आहे. ऑनलाइन विक्रीवर टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, कलम १९४-ओ १९६१ च्या आयकर कायद्यात १ ऑक्टोबर २०२० पासून आलं, आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. त्या कलमात स्पष्ट लिहिलंय की गिऱ्हाइकाने पैसे थेट सेलरला दिले तरी ते मार्केटप्लेसमार्फतच दिले असं धरायचं. म्हणजे तुम्ही पैसे स्वतःच्या क्यूआरवर घ्या नाहीतर त्यांच्या सर्व्हिसमधून, मार्केटप्लेसवरची विक्री केवळ त्यामुळे टीडीएसमधून सुटत नाही. जीएसटीच्या टीसीएसचं, म्हणजे मार्केटप्लेस सेलरच्या पैशातून कापून सरकारकडे भरतं त्या कराचं, वेगळं आहे, तो मार्केटप्लेसने पैसे स्वतः गोळा केले तरच कापला जातो, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. पण टीसीएस कापला नाही म्हणजे जीएसटी माफ झाला असं नाही, आपल्या रिटर्नमध्ये विक्री दाखवायचीच असते. आणि यूपीआयचा पैसा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तारीखवार दिसतो, चोरी करायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. ज्याला चोरायचंय तो रोख घेतो, आणि रोखीवर म्हणजे सीओडीवर (माल हातात आल्यावर रोख देणं) तर या मार्केटप्लेसने काहीच बंदी घातलेली नाही, कारण ती रोकड पण त्यांचाच कुरिअर गोळा करतो.

'पटत नसेल तर सोडा' याला फार उत्तर द्यायची गरज नाही. पाच वर्षं जमवलेले रिव्ह्यू आणि रेटिंग दुसरीकडे नेता येत नाहीत, सर्चमधली जागा नेता येत नाही. ओएनडीसीवर, म्हणजे वेगवेगळी खरेदी-विक्रीची अ‍ॅप जोडणाऱ्या खुल्या नेटवर्कवर, जा म्हणतात, जरूर जावं, पण तिथेही गिऱ्हाइकाचे पैसे बहुतेक वेळा खरेदीच्या अ‍ॅपकडेच जमा होतात आणि मग सेटल होतात, त्यामुळे थेट पैशाचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो असं नाही. आणि नियम बदलला त्यांनी, आपण नाही. आपण आत आलो तेव्हा ही अट नव्हती.

आम्ही काही जण मिळून त्या मार्केटप्लेसला पत्र पाठवतोय, त्यात चारच गोष्टी विचारल्यात. यूपीआयने आलेल्या पैशावर दोन टक्के कशासाठी. होल्डची जास्तीत जास्त मुदत किती, आणि ती अ‍ॅग्रीमेंटमध्ये दिवसांत लिहून देणार का. पेआउट अडवला तर कारण लेखी मिळणार का. आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेला दुसरा किमान एक गेटवे चेकआउटवर, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, ठेवणार का. ज्यांना सही करायचीय त्यांनी आपलं दुकानाचं नाव आणि गेल्या सहा महिन्यांत अडकलेल्या पेआउटच्या तारखा पाठवा, स्क्रीनशॉट असेल तर उत्तम, पण त्यावरचं गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर पुसून पाठवा.