माल नाही, माणसांचे तास
ईआरपी (कंपनीचे हिशेब, माणसं आणि कामं एकाच जागी सांभाळणारी संगणक प्रणाली) बसवली की सेवा कंपनीचा नफा वाढतो, हे एका लेखातलं विधान अर्धंच पटलं. या प्रणालींचं मूळ कारखान्यांसाठीच्या एमआरपीत, म्हणजे कच्चा माल आणि उत्पादनाच्या नियोजनात. ईआरपी हे नाव गार्टनर या संशोधन कंपनीने १९९० मध्ये दिलं. पण सल्लागार कंपनीसारख्या सेवा कंपनीकडे विकायला असतात ते माणसांचे तास, आणि न विकलेला तास उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून फायदा दिसतो तो टाइमशीटपासून (कोणी कोणत्या कामाला किती तास दिले याची नोंद) बिलापर्यंतचा वेळ कमी झाला तरच. टाइमशीटच आठवड्याच्या शेवटी अंदाजाने भरली जात असेल (आणि अनेकदा तशीच भरतात!) तर डॅशबोर्ड कितीही देखणा असो, कोणता प्रकल्प तोट्यात आहे ते कळणार नाही. शिवाय नवी प्रणाली आली की सुरुवातीचे काही महिने काम बहुधा मंदावतं. लेखातले नफ्याचे आकडे या मंदावलेल्या महिन्यांआधीचे की नंतरचे?