पहिलं पिस्तूल निवडताना: तुमच्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या पिस्तुलांच्या दुकानाबद्दलचा आणि रेंजबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. तुमच्या तक्रारी तीन आहेत. छोटं ९ एमएम पिस्तूल घ्यायचं ठरवून आलात, तर आम्ही .२२ (त्याहून लहान, हलक्या गोळीचं पिस्तूल) गळ्यात मारायला बघितलं. रेंजवर चालवायला दिलेल्या ९ एमएमची साइट (नेम धरायची खूण) बिघडलेली होती, सगळ्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या. आणि प्रशिक्षकाने चारचौघांत आवाज चढवला.

आधी साइटबद्दल. तुमच्यानंतर त्याच पिस्तुलातून, त्याच काडतुसांनी प्रशिक्षकाने तुमच्यासमोर गोळ्या झाडल्या आणि त्या मध्यावर लागल्या. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या नवशिक्याच्या गोळ्या खाली डावीकडे जाणं ही फार ओळखीची गोष्ट आहे. धक्का बसणार हे शरीराला कळतं, आणि गोळी सुटायच्या क्षणभर आधी मनगट नळी खाली दाबतं. म्हणूनच त्याने तुमच्या मॅगझिनमध्ये न सांगता मधेच डमी, म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं भरली होती. डमीवर ट्रिगर दाबला गेला, आवाज झाला नाही, धक्का नाही, तरी नळी खाली गेलीच. .२२ चालवताना तुमच्याकडून असं होत नव्हतं. ही सवय हाताला एकदा लागली की सुटायला फार वेळ घेते, आणि ती लागू नये एवढ्यासाठीच आमची ही सगळी खटपट.

छोटं पिस्तूल नवख्याला सोपं जातं हा समज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा असतो. खरं तर उलट आहे. ९ एमएमची नेहमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, .२२ ची अडीच ग्रॅमच्या थोडी वर. म्हणून ९ एमएमचा धक्का मोठा, आणि तो पिस्तुलाच्या वजनाने पचतो. तुम्हाला हवं होतं ते पिस्तूल रिकामं असताना अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. पूर्ण आकाराची बरीच पिस्तुलं पाऊण किलोच्या वर जातात. शिवाय छोट्याची ग्रिप, म्हणजे मूठ, आखूड, करंगळी खाली लोंबकळते. पुढची आणि मागची साइट जवळजवळ असल्याने नेमातली बारीक चूक डोळ्याला दिसत नाही. स्प्रिंग कडक, त्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढतानाच दमछाक. जवळ बाळगायला ते सोयीचं, हे मान्य. शिकायला नाही.

.२२ मध्ये आमचा फायदा म्हणाल, तर त्याची काडतुसं ९ एमएमपेक्षा स्वस्त असतात. तेवढ्याच पैशात तुमचा सराव जास्त होतो, आमची कमाई मात्र कमी. आणि .२२ च घ्या असा हट्टही नाही. पूर्ण आकाराचं ९ एमएम तुमच्या हातात बसलं तर तेही चांगलं. बसलं म्हणजे काय? नळी कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत राहावी, आणि पकड न फिरवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा. पेराची घडी येत असेल तर ग्रिप तुम्हाला लहान, नुसतं टोक पोचत असेल तर मोठी. कंपनीचं नाव त्यानंतर.

एक सूचना, कारण घरी ड्राय फायरचा, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव करणार असं तुम्ही म्हणाला होता. .२२ च्या अनेक पिस्तुलांत रिकामा ट्रिगर दाबला की फायरिंग पिन (काडतुसावर ठोका मारणारी पिन) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर आपटते. आधी मॅन्युअल बघा, नाहीतर डमी वापरा. खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

आवाज चढवल्याबद्दल. भरलेलं पिस्तूल हातात, बोट ट्रिगरवर, आणि तुम्ही काही विचारायला मागे वळलात. नळी शेजारच्या लेनवरून फिरली. तिथे माणूस उभा होता. अशा वेळी प्रशिक्षकाने ओरडलंच पाहिजे, समोर कोणीही असो.

पुन्हा या. वेगवेगळ्या ग्रिपची पिस्तुलं काढून ठेवतो. सगळी चालवून बघा, हवं तर त्या छोट्यासकट. प्रत्येकाचं टार्गेट वेगळं लावू, डमी याही वेळी घालू. ते कागद शेजारी ठेवून बघितल्यावरही छोटंच हवं असेल, तर ते तुम्हाला विकायला माझी ना नाही.