काडी लावून कापड ओळखता येत नाही

परवा मावशीकडे गेले तर नातीचा फ्रॉक कचऱ्याच्या पिशवीत, कड काळी पडलेली. कारण एक मेसेज: ‘सावधान! लेबलवर स्टेपल फायबर असेल तर तो प्लास्टिकचा चुरा आहे. काडी लावून बघा. भुर्रकन पेटलं तर प्लास्टिक, विझलं तर अस्सल. अस्सल सुतावर गोळे येत नाहीत. व्हिस्कोस अंगाला विष, बांबूचं कापड शुद्ध.’

मावशीने दोन फ्रॉकना काडी लावली. जो पेटला तो फेकला, जो आक्रसून विझला तो नातीला घातला. मी दोन्हींची लेबलं वाचली. फेकलेला शंभर टक्के सुती होता, अंगावरचा पॉलिस्टरचा.

असंच होणार होतं. कापूस म्हणजे सेल्युलोज, झाडापानांच्या पेशीभिंतींचं द्रव्य, कागदाचा सख्खा भाऊ. तो झटकन पेटतो, काडी बाजूला केली तरी जळत राहतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं, ज्योतीपासून मागे सरतं, निवल्यावर त्याचा कडक मणी होतो. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं उलटं सांगितलं. बरं, सुलट सांगितलं असतं तरी काय कळणार होतं? लाकडाच्या लगद्यापासून बनणारं व्हिस्कोसही सेल्युलोजच, तेही कापसासारखंच जळतं. मिश्र कापडात तर वितळलेलं पॉलिस्टर कापसाच्या सांगाड्याला धरून पेटत राहतं, मागे सरायला जागाच नसते. म्हणून प्रयोगशाळा मिश्रणाचं प्रमाण काड्या ओढून ठरवत नाहीत. आयएसओ 1833 ही प्रमाणपद्धती त्यासाठीच आहे: 75 टक्के गंधकाम्लात सेल्युलोज विरघळवायचं, उरलेलं पॉलिस्टर धुऊन, वाळवून तोलायचं. कापूस आणि व्हिस्कोस वेगळे करायला फॉर्मिक आम्ल आणि झिंक क्लोराइड. हे घरी करायचं काम नाही, आणि लहान मुलांच्या कपड्यांना काडी लावणं तर मुळीच नाही.

आता तो ‘चुरा’. स्टेपल हे कुठल्या रसायनाचं नाव नाही, ते तंतूच्या लांबीबद्दल आहे. आखूड, सुटे तंतू म्हणजे स्टेपल. अखंड धागा म्हणजे फिलामेंट. बोंडातला कापूस जन्मतःच स्टेपल, बहुतेक दोन-तीन सेंटीमीटरचा. लोकरही स्टेपलच. निसर्गाचं फिलामेंट म्हणजे रेशीम. पॉलिस्टर आणि व्हिस्कोस कारखान्यात अखंड निघतात, मग त्यांची जुडी करून मुद्दाम कापतात, बरेचदा 38 मिलिमीटरला, म्हणजे कापसाच्याच यंत्रांवर पिंजून, पेळू करून त्याच्याबरोबर कातता येतं. आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर डोकावतात, म्हणून कापड मऊ लागतं आणि हवा धरून ठेवतं. आगीशी झुंजणाऱ्या जवानांच्या गणवेशातही अरॅमिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम तंतूचं स्टेपल सूत असतं. त्याला चुरा म्हणणार?

घासून कापडावर येणारे ते बारीक गोळे सुती कापडावरही येतात, लोकरीवर तर येतातच. पॉलिस्टरच्या मिश्रणावर जास्त टिकतात, एवढं खरं, कारण तो चिवट तंतू गोळा सोडत नाही.

व्हिस्कोसबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल. 1892 मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाइड लागतं, आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला खरोखर घातक आहे. विषाची चर्चा करायची तर त्या कामगारांची करा. अंगावर येतं ते लाकडाच्या लगद्यातून पुन्हा घडवलेलं सेल्युलोज. भिजल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते, तेव्हा धुताना पिळू नका. आणि ‘शुद्ध’ बांबूचं मऊ कापड? ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं. तसं न सांगता विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये काही विक्रेत्यांवर कारवाई केली होती. एकाच मेसेजमध्ये तेच कापड विषही आणि शुद्धही!

फ्रॉकची जळकी कड कापून मी नवी दुमड घातली. मावशी म्हणाली, “अगं, मी हा मेसेज सुनेच्या बहिणीलाही पाठवलाय.” तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. आधी तिला फोन लावला.