डोंगराखालच्या लोकांनी धोका ‘पत्करलाय’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, रायगड जिल्ह्यात दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डोंगराखाली राहणाऱ्यांना धोका माहीत असतो, प्रशासन दर पावसाळ्यात नोटिसा देतं, तरी ते हलत नाहीत, म्हणजे आपण एक्सप्रेसवेवर गाडी घालतो तसाच त्यांनीही धोका पत्करलाय.

मला हे अजिबात पटत नाही. एक्सप्रेसवेवर जाणाऱ्याचा वेळ वाचतो तो त्याचाच, आणि भीती वाटली तर तो ट्रेनने जातो. डोंगराखालच्या माणसाला नोटीस येते की सुरक्षित ठिकाणी जा, पण कुठे जा? ऐन लावणीचे दिवस, गोठ्यात जनावरं, दुसरीकडे गुंठाभर जागा नाही, मग तो तिथेच थांबतो आणि आपण म्हणतो बघा, त्याला चालतंय.

आणि इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलंय. मग 19 जुलै 2023 च्या रात्री तिथल्या ठाकर कुटुंबांनी नक्की काय पत्करलं होतं? भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे देशभराचे दरडींचे नकाशे आहेत ते 1:50,000 स्केलचे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, त्यात एखादी वाडी पेन्सिलच्या टोकाखाली झाकली जाते. कुठला पट्टा वाईट ते कळतं, पण कुठलं घर आधी हलवायचं ते नाही कळत. जमिनीला नवी भेग गेली, झऱ्याला एकदम गढूळ पाणी यायला लागलं, झाडं खांब कलले, हे आधी दिसतं ते तिथे राहणाऱ्यालाच.

म्हणून ‘गावकऱ्यांना काय कळतं, तज्ज्ञांनी आकडा सांगावा’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. माधव गाडगीळ तज्ज्ञच होते ना, त्यांच्या पश्चिम घाट समितीनेच 2011 मध्ये सांगितलं की घाटात काय जपायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा. मग त्याच विषयावर कस्तुरीरंगन समिती आली, मग घाटातला कुठला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ते ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचे मसुदे. पहिला मार्च 2014 चा, त्याच वर्षी 30 जुलैला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. सहावा 31 जुलै 2024 चा. मधल्या काळात तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडी.

तुम्ही विचारलंत मग करायचं काय. त्या मोठ्या नकाशातला आपला तुकडा घर-घर दिसेल एवढ्या स्केलवर प्रत्येक ग्रामसभेला मराठीत मिळावा, वाडीवर पर्जन्यमापक असावा, आणि कुठे हलायचं ती जागा नोटिशीच्या आधी ठरलेली असावी. एवढं देऊनही कोणी थांबला तर त्याने धोका पत्करला असं मीही म्हणेन.